त्वष्ट्याचा चमस

एडिंबरोस बरीच वर्षे काढून सिन्नरास परतलेल्या आमच्या एका आप्ताने येताना जी एक वस्तू आणली, ती घरातील बायकांना निरांजनाच्या तबकडीसारखी आणि मुलांना उताण्या कासवासारखी दिसली. उथळ, वाटोळे, ओंजळीत मावेल एवढे, तळाशी आखूड बैठक असलेले आणि काठाच्या पातळीत दोन विरुद्ध दिशांना दोन चपटे कान काढलेले असे ते लाकडी पात्र होते. स्कॉटलंडात त्यास क्वेख म्हणतात. गेलिक भाषेत पेला या अर्थी जो कुआख शब्द आहे, त्याचेच ते इंग्रजी मुखात बदललेले रूप. यजमानाने त्यात मद्य ओतावे, दोन्ही कान दोन्ही हातांनी धरून स्वतः एक घोट घ्यावा आणि मग तेच पात्र पाहुण्याच्या दोन्ही हातांत द्यावे. लग्नात वधूवरांनीही त्यातूनच एकामागून एक प्यावे, असा तिकडचा शिष्टाचार त्या आप्ताने मोठ्या उत्साहाने वर्णन करून सांगितला. घरातील वृद्ध आजींनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “एकाच पेल्यानं दोघं पितात होय? मग उष्टं कोणाचं?”

सगळे हसले, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्या देशात लाकूड कातण्याची विद्या इतकी जुनी, ज्या मुलखात पाळण्यापासून पोळपाटापर्यंत शेकडो जिनसा कातारी शतकानुशतके करीत आला, त्या मुलखात आल्यागेल्याच्या हाती द्यावयाचा लाकडी पेला का निर्माण झाला नाही, आणि झाला असल्यास तो कोठे गेला, याचा शोध घेऊ लागले म्हणजे वाट अखेर आजींच्या त्या चार शब्दांपाशीच येऊन थांबते.

प्रथम पाहुण्याची हकीकत सांगणे उचित होय. क्वेख मुळात डोंगराळ स्कॉटलंडातील गरिबाघरची वस्तू. तिचे दोन जुने प्रकार आहेत. एका प्रकारात पिंप बांधावे तशी लहान लहान फळ्यांची जुळणी करीत. फळ्या एक काळसर लाकडाची व एक पांढुरक्या लाकडाची अशा आलटूनपालटून घेत, त्यांच्या कडा पिसाच्या पात्यांप्रमाणे एकमेकींत गुंतवीत आणि बाहेरून कोवळ्या फांद्यांच्या वेढ्याने त्या आवळीत. दुसऱ्या प्रकारात एकाच ओंडक्यातून सबंध पात्र कातून काढीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वस्तू शहरात आणि श्रीमंतांच्या मेजावर गेली व चांदीची झाली. पण चांदीला ज्या फळ्यांची गरज नव्हती, त्या फळ्यांच्या सांध्यांच्या उभ्या रेषा सोनार तिच्या अंगावर हटकून कोरीत. आमच्याकडील वाचकांस यात नवल वाटू नये. नाशिकच्या पांडवलेण्यांतील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर पाथरवटाने लाकडी बांधणीची जी हुबेहूब नक्कल कोरली आहे, तिच्यामागे हीच वृत्ती आहे. पदार्थ बदलला तरी हात जुन्या पदार्थाची आठवण सोडावयास तयार नसतो. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने 1589 साली डेन्मार्कच्या राजकन्येशी विवाह केला, तेव्हा तिला क्वेख नजर केल्याची कथा तिकडे सांगतात, आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याला तर क्वेखी जमविण्याचा छंदच होता. दोन्ही कान दोन्ही हातांनी धरावे लागत असल्याने पिणाऱ्याच्या हाती त्या क्षणी शस्त्र असू शकत नाही, म्हणून हे विश्वासाचे पात्र, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते मागाहून सुचलेले असावे असा मला संशय आहे. पण सुचले छान, यात वाद नाही.

त्या देशाचा आणि आपला संबंध इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा नाही. मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास 1826 साली ज्याने प्रसिद्ध केला, तो ग्रँट डफ स्कॉटलंडातील बांफ गावचा, 1789 सालचा जन्म; साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी तो कंपनी सरकारचा रेसिडेंट होता. क्वेखेच्या देशातून आलेल्या या माणसासमोर त्या काळच्या मराठी दरबारांत सत्काराची कोणती साधने येत असत? पानदान, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी. विडा हाती दिला, मनगटास अत्तर लाविले, गुलाबपाणी शिंपडले, की बैठक सन्मानपूर्वक बरखास्त झाली. सन्मान हाताला मिळे, वस्त्रांना मिळे, नाकाला मिळे. ओठाला मिळे तो प्रत्येकाचा स्वतंत्र विडा. किल्ल्यावर आणि वाड्यावर पाण्याची चाकरी बजावणारा आबदारखाना हा एक निराळा कारखाना असे, पण यजमानाच्या ओठांचे भांडे पाहुण्याच्या ओठांस लावण्याचा प्रसंग त्याच्या हिशेबात बसणारा नव्हता.

आता आपल्या कातारीकडे वळू. बारा बलुत्यांच्या नेहमीच्या यादीत सुतार असतो, कातारी नसतो. नांगराचे आणि गाड्याचे काम गावाला रोज लागते, कातीव काम सणासुदीला, बारशाला आणि लग्नाला लागते. त्याच्या यंत्रास फारशी वळणाने खराद आणि त्याला स्वतःला खरादी असेही म्हणत. मराठीने मात्र सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन्ही क्रियांना एकच धातू पुरवला, ही गोष्ट विणकरांचे गाव म्हणून एकेकाळी नाव असलेल्या सिन्नरात बसून लिहिताना विशेष लक्षात येते. चातीवर सूत वाढत जाते, खरादीवर लाकूड कमी होत जाते. दोहोंत समान आहे ते केवळ फिरणे, आणि भाषेने नेमके तेच पकडले.

जुना कातारी जमिनीवर बसून काम करी. समोर दोन ठोकळे, प्रत्येकातून निघालेले एक लोखंडी टोक. एक ठोकळा पक्का, दुसरा लाकडाच्या लांबीप्रमाणे मागेपुढे सरकणारा. या दोन टोकांमध्ये लाकूड धरावयाचे, त्याला दोरीचा वेढा द्यावयाचा, आणि ती दोरी साथीदाराने दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढावयाची किंवा कमानीला बांधून कातारीने स्वतःच चालवावयाची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढच्या फेऱ्यात पटाशी टेकवावयाची, मागच्या फेऱ्यात केसभर उचलावयाची, आणि तिला टेकू द्यावयाचा तो पायाच्या अंगठ्याचा. पाय खुर्चीखाली लपविण्याची सवय जडलेल्या सुशिक्षितांना त्या अंगठ्याची किंमत कळणे कठीण आहे. मौजेची गोष्ट अशी की स्कॉटलंडातील जुना कातारीही यापेक्षा फार पुढे गेलेला नव्हता. तो उभा राहून काम करी, दोरीचे एक टोक पायाखालच्या फळीला आणि दुसरे डोक्यावरच्या लवचीक काठीला बांधी. पाय दाबला की लाकूड पुढे, काठी उसळली की मागे. हजारो कोसांच्या अंतरावर दोन कारागीर तोच अर्धा फेरा कापीत होते आणि अर्धा फेरा वाया घालवीत होते.

या अर्ध्या फेऱ्यांतून महाराष्ट्राचे अर्धे आयुष्य निघाले आहे. पाळण्याचे दांडे आणि त्यावर टांगलेले चिमणाळे, चालावयास शिकविणारा पांगुळगाडा, खुळखुळा, भोवरा, भातुकलीचा इवलासा संसार, सारीपाटाच्या सोंगट्या, पलंगाचे खूर, लाटणे, रवी, सनईची नळी. जन्मापासून लग्नापर्यंतचा एकही टप्पा कातारीवाचून पार पडत नसे. सावंतवाडीच्या संस्थानात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसऱ्या खेमसावंतांच्या राजवटीत लाखकामाला आणि गंजिफांना जो आश्रय मिळाला, त्यामुळे तेथील चिताऱ्यांचे नाव मुलूखभर झाले. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरावयाची. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडाला लिंपली जाते, आणि मग केवड्याच्या पानाने ती घासली की आरशासारखी झळाळी येते. कुंचला नाही, भट्टी नाही. ज्या गतीने आकार दिला, तीच गती रंगही देते. लाकूडकामात याहून सुंदर युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

या लांबलचक यादीत पेला मात्र नाही.

एक कारण अगदी कारखान्यातले आहे आणि पंडितांच्या ध्यानात ते सहसा येत नाही. लाख मद्यार्कात विरघळते. कपाटाला चकाकी आणणारा पॉलिशवाला चपडी लाख स्पिरिटात विरघळवूनच आपले द्रावण तयार करतो. तेव्हा आपल्या कातारीने आपल्या उत्तमोत्तम रीतीने क्वेख घडविली असती आणि तिच्यात त्या देशातील जहाल मद्य ओतले असते, तर पाहुण्याला पहिल्या घोटातच सावंतवाडीचा तांबडा रंग चाखावा लागला असता. स्कॉटलंडातील कारागीर लाकूड आतून उघडे ठेवी किंवा तेला-मेणाने पुसून घेई. घट्ट कणाचे, वास न सोडणारे लाकूड मिळणे ही त्याची चिंता, रंग ही नव्हे.

दुसरे कारण धर्मशास्त्रातले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. तांबे, पितळ, कथील ही राखेने, आंबटाने आणि पाण्याने शुद्ध होतात. आमच्या स्वयंपाकघरांतील चिंच आणि राख यांची सनद इतकी जुनी आहे. लाकडाला मात्र एकच उपाय सांगितला आहे, तासणे. म्हणजे लाकडी पेला उष्टा झाला तर त्याचा वरचा थर सुताराने काढावा, तेव्हा तो पुन्हा वापरण्याजोगा. हा नियम मनोभावे पाळणाऱ्या घरात दर घोटाला एक तासणी या हिशेबाने पेला किती दिवस टिकला असता, याचे गणित वाचकांनीच करावे. धातू घासता येतो, माती आणि पान फेकता येते. लाकूड घासता येत नाही आणि फेकवत नाही. तेव्हा पेल्याचा मान तांब्या-पितळेने घेतला, आणि लाकडाकडे ती कामे आली ज्यांत ओठ लागत नाहीत. काथवटीत पीठ मळावे, पोळपाटावर लाटावे, रवीने घुसळावे. तोंडापाशी येताच लाकडाने मागे सरावे.

परंतु याच देशात, मनुस्मृतीच्याही पूर्वी, लाकडी पेला एका अत्युच्च स्थानी विराजमान होता, आणि त्यातून एकापेक्षा अधिक माणसे पीत होती. सोमयागातील चमस हे ते पात्र. चौकोनी, खोलगट, मूठ असलेला लाकडी पेला. निरनिराळ्या ऋत्विजांचे चमस ओळखू यावेत म्हणून मुठींचे आकारही वेगवेगळे. यज्ञाच्या लाकडांची निवड हा स्वतंत्र शास्त्रार्थाचा विषय होता: जुहू पळसाची, उपभृत् अश्वत्थाची, ध्रुवा विकंकताची, स्रुव खदिराचा. ही पात्रे कातलेली नसत, वाकसाने आणि पटाशीने कोरलेली असत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पिण्याची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. सोम पिण्याआधी ऋत्विज आपल्या सोबत्याला मला बोलाव अशी विनंती करी, सोबती तुला बोलावले आहे असे उत्तर देई, आणि मगच ओठ पात्राला लागत. या परस्पर आमंत्रणास उपहव म्हणतात. स्कॉटलंडातील यजमान क्वेख पुढे करताना आरोग्याचा जो उच्चार करतो, त्याहून हा विधी अधिक विनयाचा आहे असे माझे मत आहे. कारण येथे पिणाराच परवानगी मागतो. आणि उष्टे? धर्मसूत्रकारांनी त्याचा निकाल एका वाक्यात लावून टाकला होता: सोमाने उष्टे होत नाही. आजींच्या प्रश्नाला या देशाने दिलेले सर्वांत जुने उत्तर ते हेच.

या चमसाला एक पुराणपुरुषही आहे. देवांचा कारागीर त्वष्टा याने देवांसाठी एक चमस घडविला होता. सुधन्व्याचे तीन पुत्र, ऋभु, विभ्वन् आणि वाज, हे मूळचे मर्त्य. पण हातांच्या कौशल्यावर त्यांनी देवत्व मिळविले. त्यांनी त्वष्ट्याच्या त्या एका चमसाचे चार केले. ऋग्वेदात या प्रसंगाचा उल्लेख वारंवार येतो, आणि एका सूक्तात तर चार पेले पाहून त्वष्टा इतका खजील झाला की स्त्रियांच्या घोळक्यात जाऊन लपला, आणि देवांच्या पानपात्राची अवहेलना करणाऱ्यांना ठार मारावे असे म्हणू लागला, असा तपशील आहे. कारागिरीतील मत्सराचे इतके जुने आणि इतके खरे चित्र क्वचितच सापडेल. एकाचे चार कसे केले, याचा खुलासा सूक्तकार करीत नाहीत. एखाद्या कातारीला विचारले तर तो बहुधा ओंडक्याच्या जाडीची चौकशी करील.

मग हे पेले गेले कोठे? सिन्नरच्या दक्षिणेस संगमनेरजवळ जोर्वे येथे आणि नाशिकास 1950-51 साली हसमुख सांकळिया व शां. भा. देव यांनी जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीची तांबूस मातीची, काळ्या रेषांनी रंगविलेली भांडी निघाली. त्यांतील तोटीची भांडी आणि कंगोऱ्याची वाडगी आज जोर्वे संस्कृतीची ओळखच होऊन बसली आहेत. त्यांच्या शेजारी लाकडी पेला निघत नाही. लाकूड कुजते, हे खरे. परंतु यज्ञपात्रांच्या बाबतीत कुजण्याचीही वाट पाहिली जात नसे. सोमयाग संपला म्हणजे अवभृथ स्नानाच्या वेळी सोमाने माखलेली पात्रे पाण्यात सोडून देत. आणि ज्याने आयुष्यभर अग्नी सांभाळला तो अग्निहोत्री मरण पावला, म्हणजे त्याची लाकडी पात्रे त्याच्या देहावर ठरलेल्या अवयवांवर मांडून त्याच्याबरोबर जाळीत. आश्वलायनाने गृह्यसूत्रात मुलाला मुभा दिली आहे ती दगडी वरवंटापाटा, धातूची आणि मातीची भांडी ठेवून घेण्याची. म्हणजे टिकाऊ ते घरात राहावे आणि लाकडी ते धन्याबरोबर जावे. इतिहाससंशोधकाने कपाळाला हात लावावा असा हा शिरस्ता. पण वस्तूवर इतका जीव लावणारी माणसे वस्तुसंग्रहालयाचा विचार करीत नसतात. हे चमस कसे असत हे डोळ्यांनी पाहावयाचे झाल्यास पुण्यास वैदिक संशोधन मंडळात जावे. 1928 साली स्थापन झालेल्या या संस्थेने श्रौतकोशाचे प्रचंड काम केले आणि यज्ञपात्रांचा संग्रहही सिद्ध केला.

पेला गेला, तरी त्याचे नाव गेले नाही, आणि ते जेथे सापडले तेथे मी स्वतः चकित झालो. सोम साठविण्याच्या मोठ्या लाकडी पात्राला द्रोणकलश म्हणत. द्रु म्हणजे लाकूड, त्यापासून द्रोण म्हणजे लाकडी पात्र. हाच द्रोण आज आपण पळसाच्या पानांचा करतो, त्यात आमटी किंवा बासुंदी वाढतो आणि पंगत उठताच उकिरड्यावर टाकतो. लाकूड जाऊन पान आले, सोम जाऊन आमटी आली, आणि ज्या पात्राला उष्टेपणाचा दोष लागत नव्हता त्याचे नाव अशा पात्राला मिळाले की जे उष्टे होण्यासाठी आणि म्हणून फेकण्यासाठीच जन्मले. शब्दांच्या नशिबी इतकी मोठी उलथापालथ क्वचित येते. फारशीतून आलेल्या चमचा या शब्दाचे नाते चमसाशी जोडणारेही आहेत. ते खरे असेल तर चमसाची स्थिती द्रोणाहून थोडी बरी म्हणावयाची, निदान त्याला घासून ठेवतात.

उष्ट्याचा निर्बंध मराठी समाजाने एका प्रसंगी मात्र जाणूनबुजून मोडला, आणि तो प्रसंगही क्वेखेचाच आहे. जुन्या लग्नांत वधूवरांना एका ताटात जेवावयास बसवीत, परस्परांना घास भरवावयास लावीत, आणि मग विडा तोडण्याचा खेळ चाले. एकाने दातांत धरलेला विडा दुसऱ्याने दातांनीच तोडावयाचा, आणि भोवती करवल्यांचा गलका. कालपर्यंत परक्या असलेल्या दोन माणसांत आता उष्टे उरले नाही, हे सगळ्या वऱ्हाडासमोर जाहीर करण्याची ती रीत. स्कॉटलंडातील वधूवर जे पेल्याने करतात, ते आमच्याकडील वधूवरांनी नागवेलीच्या पानाने केले. त्याआधी वधूपिता वराला जो मधुपर्क देतो, तोही आदराचाच घोट. पण तो काशाच्या पात्रातला आणि एकट्या वराचा.

आपल्याकडे आजही लाकडी पेला तोंडाला लागतो, पण तो नेहमी एकट्याचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात येणाऱ्या साधूंच्या हातात भोपळ्याचा, नारळाचा किंवा लाकडाचा कमंडलू दिसतो. बिवळ्याच्या गाभ्याचे कातीव पेले बाजारात मिळतात. रात्री पाणी भरून ठेवले की सकाळी ते तपकिरी होते, उजेडात धरले तर निळसर झाक मारते, आणि मधुमेही माणसे ते औषध म्हणून पितात. आणि चातुर्मास सोडून इतर दिवसांत सिन्नर-संगमनेर रस्त्यावर पहाटे पायी विहार करणारे श्वेतांबर जैन मुनी दिसतात, त्यांच्या झोळीत लाल-काळ्या रंगाची कातीव काष्ठपात्रे असतात. भोपळा, लाकूड आणि माती या तिन्हींचीच पात्रे साधूला चालतात, हा आचारांगाचा जुना दंडक. धातूत परिग्रह येतो, म्हणून धातू वर्ज्य. अन्न आणि पाणी दोन्ही त्या पात्रांतूनच घेतात. सिन्नरकरांना नित्य दिसणारी विधियुक्त कातीव पात्रे ती हीच, आणि त्यांचा आकार पाहिला तर कान नसलेली क्वेखच. साधू, रोगी आणि मुनी यांच्यापुरता पेला आमच्या कातारीने केला. पाहुण्यासाठी केला नाही. यात दोष त्याच्या हाताचा नव्हता. मागणीच तशी कधी आली नाही.

हाताचा दोष नव्हता, याचा दाखला पाहिजे असेल तर तो पुराणातच आहे. सूर्याची पत्नी संज्ञा ही त्वष्ट्याची, म्हणजेच विश्वकर्म्याची कन्या. पतीचे तेज सहन होईना म्हणून ती निघून गेली, तेव्हा बापाने जावयाला खरादीवर चढविले आणि त्याच्या तेजाचा आठवा भाग कातून काढला. खाली जो भुसा पडला, त्यातून विष्णूचे चक्र, शंकराचा त्रिशूळ, कुबेराची पालखी आणि कार्तिकेयाची शक्ती तयार झाली, असे विष्णुपुराण सांगते. खरादीला संस्कृतात भ्रम म्हणतात, आणि कालिदासानेही रघुवंशाच्या सहाव्या सर्गात अवंतीच्या राजाचे वर्णन करताना त्वष्ट्याने कातलेल्या या सूर्याची उपमा योजिली आहे. ज्याने पेला घडविला त्यानेच सूर्य कातला. जगात दुसऱ्या कोणत्या देशाच्या कातारीला असा पूर्वज लाभला असेल, असे वाटत नाही.

सिन्नरच्या गोंदेश्वराच्या आवारात मी गेलो की ही कथा हटकून आठवते. अकराव्या-बाराव्या शतकांतील हे यादवकालीन पंचायतन; मध्यभागी शिवाचे मोठे देऊळ आणि चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर पार्वती, गणपती, विष्णू आणि सूर्य यांची लहान देवळे. कर्नाटकात चालुक्य-होयसळांच्या मऊ दगडाचे खांब खरोखरच फिरवून कातीत असत. आमचा काळा पाषाण तितका लवचीक नव्हे, तरीही येथील खांबांवर एकावर एक चढलेली वर्तुळाकार वळणे पाहिली की बोटे नकळत पटाशी शोधू लागतात. यादवांच्या ताम्रपटांत सिन्नरचे जुने नाव सिंदीनेर असे येते. ऐकताच शिंदीच्या झाडाची आणि तिच्या रसाची आठवण होते. पण पेल्याविषयी लिहिताना अशी व्युत्पत्ती सुचावी हे इतके सोयीचे आहे की तिच्यावर विश्वास ठेवावयास मी धजत नाही.

कातणे सिन्नरातून गेलेले नाही, फक्त लाकूड गेले. मुसळगावच्या आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहतींत लेथ फिरत असतात. कमान, दोरी आणि साथीदार यांच्या जागी विजेची मोटर आली, फेरा एकाच दिशेने पुरा होऊ लागला, आणि भुशाच्या ऐवजी पोलादाच्या कुरळ्या पट्ट्या जमिनीवर पडू लागल्या. तेथील कामगार इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवतो. अंगठ्याच्या टेकूने काम करणाऱ्या कातारीला ते ऐकून हेवा वाटला असता की हसू आले असते, हे सांगता येत नाही.

त्यांतील एखाद्याला सुटीच्या दिवशी हौस वाटली आणि आमच्या आप्ताच्या त्या पेल्याचा जोड त्याने करावयास घेतला, तर एक-दोन गोष्टी सांगून ठेवतो. लाकूड पुरते वाळलेले घ्यावे, ओले घेतले तर आठवड्यात तडकेल. काठापाशी प्रथम पुरते वर्तुळाकार कडे ठेवून आतबाहेर कातून घ्यावे, कारण कान हे खरादीचे काम नव्हे. फिरती वस्तू सर्व बाजूंनी सारखीच होणार. कातकाम संपल्यावर त्या कड्याचा दोन कानांपुरता भाग राखून बाकीचा करवतीने उतरवावा आणि कानसेने गोल करावा, म्हणजे कातारी आणि सुतार दोघेही एका पेल्यापाशी येतात. बाहेरून आपल्या पद्धतीने लाख चढवून केवड्याच्या पानाने खुशाल घासावी. आतल्या बाजूस मात्र लाख लावू नये.